जपानहून आलेली कॅसेट



या अंकासाठी स्वतःच्या छंदाविषयी एक पाठ लिहा, असे वर्गाच्या ताईंनी मला सांगितले तेव्हा मी जरा बिचकलो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी. मी जमवतो जुने जपानी व्हिडिओ गेम. चाळिशी ओलांडलेला, दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस संध्याकाळी पुन्हा खेळण्यांच्या डब्या पुसत बसतो, म्हणून घरी माझी थट्टाच होते. पण या छंदाने मला एक धडा शिकवला, आणि तो धडा वाचनाचा आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

१. दोन देश, एक शब्द

माझे लहानपण नाशिकला गेले. १९९२-९३ च्या सुमारास आमच्या कॉलनीतल्या एका दुकानदाराने टीव्हीला जोडायची खेळाची पेटी आणली. तासाला पाच रुपये घेऊन तो खेळू द्यायचा. आम्ही चौघे मिळून वर्गणी काढायचो आणि घड्याळाकडे बघत खेळायचो. पेटीत जी चपटी डबी बसवायची तिला आम्ही ‘कॅसेट’ म्हणायचो. तिच्यावर ‘एकात ९९९९ खेळ’ असे छापलेले असे. मोजले तर वेगळे खेळ वीसही भरत नसत. तेच ते खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे!

अमेरिकेत आल्यावर कळले की इथे त्या डबीला ‘कार्ट्रिज’ म्हणतात. मित्र हसले म्हणून मी माझा शब्द गुपचूप सोडून दिला. पुढे जपानी खेळ जमवू लागलो तेव्हा समजले की जपानची मुलेही तिला ‘कासेत्तो’ म्हणत असत, म्हणजे कॅसेटच! मग मी माझा शब्द परत घेतला. या पाठातही तोच वापरणार आहे.

आमची नाशिकची पेटी म्हणजे एका जपानी यंत्राची परवान्याविना केलेली नक्कल होती. अस्सल यंत्राचे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’. जपानी माणसाने ते आखूड करून ‘फामिकोन’ केले, आणि जगभर त्याला ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले. ते क्योतो शहरातल्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणले. किंमत होती १४,८०० येन. ही कंपनी १८८९ साली सुरू झाली तेव्हा फुलांची चित्रे असलेले ‘हानाफुदा’ नावाचे पत्ते बनवत असे. पत्त्यांपासून मारिओपर्यंतचा हा प्रवास सुमारे शंभर वर्षांचा आहे.

२. पेटीच्या आत

फॅमिकॉमला कामासाठी स्मरणशक्ती होती फक्त २ किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावला होता. आई-बाबांच्या फोनमधला एकच फोटो ३,००० ते ४,००० किलोबाइटचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत असे पाऊणशे ते शंभर खेळ बसतील.

हे जमले कसे? काटकसरीने. पुढच्या वेळी मारिओ खेळाल तेव्हा आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट बघा. दोघांचा आकार एकच आहे! रंग पांढरा दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. आपली आजी जुन्या साडीची गोधडी शिवते, तसाच हा प्रकार. मी स्वतः प्रोग्राम लिहून पोट भरतो. आम्हाला आज जागेची टंचाई नाही, म्हणून आम्ही उधळपट्टी करतो. जुन्या खेळांपुढे मी नम्र होतो तो यासाठी.

३. जपानची कॅसेट अमेरिकेत चालेल का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. याचे उत्तर यंत्रानुसार बदलते.

(अ) फॅमिकॉम : जपानी कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकेत १९८५ पासून विकलेल्या ‘एनईएस’ यंत्राच्या कॅसेटला ७२. म्हणून जपानी कॅसेट एनईएसमध्ये सरळ बसत नाही. शिवाय एनईएसमध्ये परक्या कॅसेटला अडवणारी एक पहारेकरी चिप आहे. मधे जोडणारा तुकडा मिळतो, नाहीतर जपानी यंत्रच घ्यावे लागते. गंमत म्हणजे आमच्या नाशिकच्या नकली पेटीला ६०च पिना होत्या. तीत अस्सल जपानी कॅसेट बसली असती!

(आ) टीव्ही : मूळ फॅमिकॉम जपानच्या पहिल्या किंवा दुसऱ्या चॅनेलवर दिसतो. अमेरिकेतल्या जुन्या केबल-टीव्हीवर ती जागा ९५ आणि ९६ क्रमांकाला येते. मी पहिल्यांदा यंत्र जोडले तेव्हा ३ आणि ४ हेच चॅनेल लावून दोन तास मुंग्या बघत बसलो होतो. १९९३ साली आलेल्या सुधारित फॅमिकॉमला साधी पिवळी-पांढरी वायर चालते, म्हणून नवशिक्याने तो घ्यावा.

(इ) वीज : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. फॅमिकॉमला १० व्होल्टचा डीसी प्रवाह लागतो. एनईएसच्या अडॅप्टरमधून ९ व्होल्टचा एसी प्रवाह येतो. एनईएसच्या पोटात एसीचा डीसी करायची सोय आहे, फॅमिकॉमच्या पोटात नाही. तो अडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर यंत्र जळू शकते. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनलेला असतो आणि इथे भिंतीत १२० व्होल्ट असतात, म्हणून तोही तापतो. प्लग खाचेत बसला म्हणजे चालला, असे कधी समजू नका.

(ई) सुपर फॅमिकॉम (१९९०) : इथे अडथळा विजेचा नाही, प्लॅस्टिकचा आहे! अमेरिकन यंत्राच्या खाचेत दोन छोटी बोंडे आहेत, ती जपानी कॅसेटला अडवतात. ती काढली की कॅसेट चालते.

(उ) गेमबॉय (१९८९) : काहीच अडथळा नाही. कुठल्याही देशाची कॅसेट कुठल्याही गेमबॉयमध्ये चालते. सुरुवात करायची तर इथूनच करावी.

४. अक्षरांची गंमत

यंत्र चालले, तरी पडद्यावरची भाषा जपानी! जपानी लिहिताना हजारो चित्राक्षरे लागतात. पण फॅमिकॉमच्या पडद्यावर एका अक्षराला बहुधा ८ बाय ८ ठिपक्यांचा चौकोन मिळे. त्यात चित्राक्षर मावत नाही. म्हणून त्या काळचे बहुतेक खेळ फक्त ‘काना’ लिपीत, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांत असत. त्यांतल्या हिरागाना लिपीची मूळ अक्षरे ४६. आपल्या पहिलीच्या पुस्तकात सुरुवातीला जोडाक्षरे नसतात ना, तसेच हे.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. मराठी शाळेत यायला तिची दर रविवारी कुरकुर असे. एकदा मी जपानी अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला. तिने तो वाचला आणि म्हणाली, “बाबा, हे तर आपलेच आहे!”

तुम्हीही बघा. जपानी स्वरांचा क्रम आहे : अ, इ, उ, ए, ओ. आपल्या स्वरांतून आ, ई, ऊ, ऐ, औ बाजूला ठेवा. उरले तेच! जपानी ओळींचा क्रम आहे : क, स, त, न, ह, म, य, र, व. आता आपला घ्या : क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग आणि त्याच्या शेवटी न, प-वर्ग आणि त्याच्या शेवटी म, मग य, र, ल, व. आपल्या ‘च’च्या जागी त्यांचा ‘स’ आहे, आणि ‘प’च्या जागी ‘ह’. हा ‘ह’ फार पूर्वी ‘प’ असाच उच्चारला जाई. आजही त्या अक्षराच्या डोक्यावर छोटे वर्तुळ काढले की त्याचा ‘प’ होतो.

हा योगायोग नाही. जपानातले बौद्ध भिक्षू हजारएक वर्षांपूर्वी संस्कृत मंत्रांची अक्षरे शिकत होते. त्या अभ्यासातून आपल्या वर्णमालेचा क्रम तिकडे गेला. माझ्या मुलीला तो क्रम आधीच पाठ होता, त्यामुळे तिला हिरागाना तीन आठवड्यांत वाचता येऊ लागली. मी मात्र आळस केला. खेळायला अक्षरे कशाला हवीत, बटणे दाबली की झाले, असे मला वाटे.

५. साहसाची वही

आता मूळ गोष्टीकडे येतो.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा जपानमधला फार लाडका खेळ. युजी होरी यांनी तो रचला, राक्षसांची चित्रे अकिरा तोरियामा यांनी काढली, संगीत कोइची सुगियामा यांनी दिले. त्यातला ‘स्लाइम’ नावाचा निळा राक्षस आपल्या मोदकासारखा दिसतो. त्याच्या बाहुल्या, खोडरबर, पेले असे कितीतरी सामान लोक जमवतात.

पहिल्या भागात (१९८६) खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करायचा तर २० अक्षरांचा मंत्र कागदावर उतरवून घ्यावा लागे. दुसऱ्या भागात (१९८७) तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकले की सारी मेहनत वाया! तिसऱ्या भागात (१० फेब्रुवारी १९८८) यावर उपाय निघाला. कॅसेटच्या पोटात एक छोटी चिप आणि तिला जागे ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी बसवली. यंत्र बंद केले तरी ती बॅटरी चिपला थोडी थोडी वीज देत राहते आणि खेळाची नोंद टिकते. या नोंदीला जपानी खेळात ‘साहसाची वही’ असे नाव आहे. एका कॅसेटमध्ये अशा तीन वह्या मावतात.

मी ही कॅसेट जपानमधून मागवली, खोके आणि माहितीपुस्तिकेसह. पार्सल उघडले तर कॅसेटच्या पाठीवर काळ्या शाईने चार अक्षरे लिहिलेली. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसे तिकडची मुले आपल्या कॅसेटवर नाव घालत. मित्राला खेळायला दिली तर परत यावी म्हणून.

आम्ही यंत्र सुरू केले. तीन वह्यांपैकी एक भरलेली होती! मुलीने बोट ठेवून पडद्यावरचे नाव वाचले, मग कॅसेट काढून पाठीवरचे वाचले. दोन्ही एकच. त्या मुलाने खेळातल्या वीराला स्वतःचेच नाव दिले होते. तीस वर्षांहून अधिक काळ ती छोटी बॅटरी त्याचे नाव सांभाळत बसली होती. तो आज असेल माझ्याच वयाचा. मी नाशिकला वर्गणी काढत होतो त्याच्या थोडे आधी तो जपानात कुठेतरी ही वही भरत होता.

मुलीने ते नाव तिच्या मराठीच्या वहीत उतरवले, आधी हिरागानात, खाली देवनागरीत. ते नाव मी इथे छापत नाही, कारण ते त्याचे आहे.

रात्री ती झोपल्यावर मी दुसऱ्या वहीत थोडा वेळ खेळलो आणि नोंद केली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. मला त्या वाचता येत नव्हत्या. नेहमीचे ‘धन्यवाद’ असेल असे समजून मी बटण दाबले आणि यंत्र बंद केले.

दुसऱ्या दिवशी यंत्र लावले तर एक उदास धून वाजली आणि काही अक्षरे आली. मुलीने ती सावकाश वाचली. तिचा चेहरा उतरला. साहसाच्या वह्या पुसल्या गेल्या होत्या. माझी तर गेलीच, त्या मुलाचीही गेली.

मग तिने माहितीपुस्तिका घेतली, माझ्या मदतीशिवाय पाने उलटली आणि एका वाक्यावर बोट ठेवले : ‘रीसेटचे बटण दाबून धरून मगच वीज बंद करा.’ आदल्या रात्री पडद्यावरही हेच आले होते. कारण सोपे आहे. वीज जाताना एक क्षण यंत्र भांबावते आणि चिपमध्ये काहीबाही लिहू शकते. रीसेट दाबून धरले की त्याचे हात बांधलेले राहतात. बहुतेक वेळा रीसेट न दाबताही काही होत नाही. त्या रात्री झाले. मी इंजिनिअर आहे. चिप, बॅटरी, व्होल्ट सगळे मला कळते. कळत नव्हती ती दोन ओळींची अक्षरे, आणि ती शिकायला माझ्या घरात तक्ता लावलेला होता, तोही मीच.

“बाबा, त्याला कळले तर?” मुलीने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या शनिवारी मी कॅसेट उघडली. फॅमिकॉमच्या कॅसेटला बहुधा स्क्रू नसतो, प्लॅस्टिकच्या खाचा असतात. आतली बॅटरी २.७ व्होल्ट दाखवत होती. नवी ३ व्होल्टच्या वर दाखवते. हिचे नाव सीआर २०३२ : २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. आता पुसले जाण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून मी जुनी काढून नवी सोल्डर केली.

मुलीने नवी वही सुरू केली. वीराचे नाव विचारल्यावर तिने मराठीची वही उघडली, बघून बघून ती चार अक्षरे भरली, आणि खेळू लागली. स्वतःचे नाव तिने दिले नाही. खेळ थांबवताना रीसेट दाबून धरायचे काम मात्र ती मला देत नाही.

त्यानंतर मीही तक्त्यापुढे बसलो. मला तीन महिने लागले.

६. तुम्हाला हा छंद करायचा असेल तर

पहिले म्हणजे, सगळे जमवू नका. एखादे यंत्र, एखादी मालिका निवडा. तोक्योच्या आकिहाबारा भागात आणि ओसाकाच्या निप्पोनबाशी भागात जुन्या खेळांची दुकाने आहेत. जपानला गेलात तर एक दिवस राखून ठेवा, आणि आईबाबांचे पाकीटही!

दुसरे, वर्णन वाचायला शिका. जपानी विक्रेते ‘हाको’ म्हणतात ते खोके, ‘सेत्सुमेइशो’ म्हणजे माहितीपुस्तिका. ‘जंक्’ असे लिहिले असेल तर वस्तू तपासलेली नाही किंवा बिघडलेली आहे आणि परत घेणार नाहीत, असे समजा.

तिसरे, नकली माल फार आहे, विशेषतः पोकेमॉनचा. छपाई फिकट, अक्षरे वाकडी, किंमत फारच स्वस्त असेल तर सावध व्हा.

चौथे, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आम्ही नाशिकला हेच करायचो आणि अभिमानाने करायचो. तोंडातला ओलावा पिनांवर बसतो आणि त्या गंजतात. कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा.

पाचवे, सोल्डरिंग मोठ्यांनीच करावे, आणि बटण-बॅटरी धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. ती गिळली तर जिवावर बेतते.

सहावे, जकातीचा विचार करा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवण्यात आली. नियम बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी आईबाबांना बघायला सांगा.

आणि शेवटचे. जुनी वस्तू हाती आली की आधी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बोलवा. बटण त्यानंतर दाबा.

शब्दार्थ

बिचकणे – संकोचणे, मागे सरणे
नक्कल – अस्सल वस्तूसारखी दुसरी केलेली वस्तू
परवाना – अधिकृत परवानगी
भांबावणे – गोंधळून जाणे
जकात – परदेशातून येणाऱ्या मालावरचा कर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) निन्टेंडो कंपनी सुरुवातीला काय बनवत असे?
(आ) मारिओच्या खेळात ढग आणि झुडूप यांचा आकार एकच का ठेवला असेल?
(इ) जुन्या जपानी खेळांत चित्राक्षरे का नसत?

प्र. २. जोड्या लावा.
६० पिना – गेमबॉय
प्लॅस्टिकची बोंडे – फॅमिकॉम
काहीच अडथळा नाही – अमेरिकन सुपर यंत्र

प्र. ३. गणित करा. सीआर २०१६ या बॅटरीचा व्यास किती आणि जाडी किती?

प्र. ४. विचार करून पाच-सहा ओळी लिहा. “बाबा, त्याला कळले तर?” या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले असते?

गृहपाठ : घरात नाव घातलेले एखादे जुने भांडे असेल तर शोधा. नसेल तर भारतातल्या आजी-आजोबांना फोन करून विचारा. ते नाव कोणाचे, ते कधी आणि का घातले, हे विचारून पुढच्या रविवारी वहीत देवनागरीत लिहून आणा. माझी मुलगीही आणणार आहे. आता ती कुरकुर करत नाही. म्हणजे, रोज करत नाही!